वाचकांचे प्रश्न : ‘पारंपरिक’ लिहिलं की नोटेशन मोकळं होतं का?

फ्लामेंको या स्पॅनिश संगीतातल्या गिटारचं नोटेशन आणि टॅब (तारा आणि पडदे आकड्यांत दाखवणारं लेखन) लिहिणं, वाटणं, छापणं याबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणी, हल्याळ या भागांतून बरीच पत्रं आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं. वेगळा उल्लेख नसेल तिथे कलमं १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यातली समजावीत. नोटीस हातात पडली असेल, तर मात्र हे पान बाजूला ठेवून आधी वकील गाठा.

जुन्या रेकॉर्डिंगवरून ऐकून मी सोलेआ, आलेग्रिआस आणि बुलेरिआसचे तीसेक टॅब लिहिले आहेत. सगळं पारंपरिक फ्लामेंको आहे. पीडीएफ करून संकेतस्थळावर फुकट ठेवायचा विचार आहे. पैसेच घेत नाही, तर कॉपीराइटचा प्रश्न येतो कुठे? — गिटार शिक्षक, टिळकवाडी, बेळगाव

पैशाचा मुद्दा आधी निकालात काढू. कृतीच्या प्रती काढायचा आणि ती लोकांपर्यंत पोहोचवायचा हक्क कलम १४ मालकाला देतं, आणि त्यात पैशाची अट कुठेही नाही. विका नाहीतर वाटा, परवानगी लागत असेल तर ती लागतेच. फरक पडतो तो शिक्षेत. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून त्याहून कमी शिक्षा देऊ शकतं. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा ‘फुकट होतं’ हे उत्तर पोलिस ठाण्यात फार उपयोगी पडत नाही.

आता ‘पारंपरिक’. हा शब्द तुमच्या कागदावरच्या काही ओळींना लागू होतो, काहींना नाही. सोलेआ, आलेग्रिआस, बुलेरिआस हे पालो, म्हणजे प्रकार. त्यांचा बारा मात्रांचा कोंपास, म्हणजे ठेक्याचं आवर्तन, ३, ६, ८, १० आणि १२ वर पडणारे जोर, ए मायनर–जी–एफ–ई अशी उतरणारी कॉर्डची साखळी, रास्गेआदोच्या, म्हणजे बोटांनी तारांवर फटके मारण्याच्या, पद्धती, ठरावीक समाप्त्या हे सगळं सार्वजनिक आहे. त्यावर कुणीच मालकी सांगू शकत नाही. पण गिटारवादक गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये जी सुरावट वाजवतो, ती फाल्सेता, बहुतेक वेळा कुणीतरी बसवलेली असते. मालकंस कुणाच्या मालकीचा नाही, मालकंसातली बंदिश कुणाची तरी असू शकते, तसंच हे. बंदिशीत निदान रचनाकाराची मुद्रा असते. फाल्सेतात तीही नसते आणि म्हणूनच घोळ होतो.

फ्लामेंकोवाले एकमेकांच्या फाल्सेता सर्रास उचलतात, थोड्या फिरवतात, पुढे देतात. ती त्यांची रीतच आहे आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. कायदा मात्र रीत बघत नाही, रचनाकार बघतो. आपल्याकडे १९९४ च्या दुरुस्तीनंतर ‘सांगीतिक कृती’ कागदावर उतरवलेली असण्याची गरज उरली नाही. वाजवून ध्वनिमुद्रित झालेली फाल्सेताही कृतीच ठरते. पुढे कलम २(अ) मध्ये सांगीतिक कृतीचं ‘रूपांतर’ म्हणजे तिची मांडणी किंवा लिप्यंतर, असं सरळ लिहिलं आहे. म्हणजे ऐकून टॅब उतरवणं हे काम कायद्याच्या दृष्टीने नव्याने निर्माण केलेलं नाही. मूळ रचना संरक्षित असेल तर ते रूपांतर आहे, आणि रूपांतराचा हक्क मूळ मालकाचा.

त्यामुळे प्रत्येक फाल्सेतासाठी एकच गोष्ट शोधायची: ती कुणाची, आणि तो माणूस कधी गेला. भारतात मृत्यूनंतरच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजतात. स्पेनमध्ये मुदत ७० वर्षांची आहे. पण ७ डिसेंबर १९८७ पूर्वी वारलेल्या रचनाकारांना जुन्या कायद्याची ८० वर्षंच मिळतात. पुष्कळांचा हिशेब इथेच चुकतो.

फ्लामेंको गिटारवादक रामोन मोंतोया १९४९ मध्ये गेले. भारतात त्यांच्या रचना १ जानेवारी २०१० पासून मोकळ्या आहेत, स्पेनमध्ये २०२९ संपेपर्यंत नाहीत. निन्यो रिकार्दो १९७२ मध्ये गेले, म्हणजे भारतात २०३२ अखेरपर्यंत आणि स्पेनमध्ये २०५२ अखेरपर्यंत थांबायला हवं. साबिकास १९९० मध्ये गेले, त्यांना स्पेनमध्ये ७० वर्षांचा नियम लागतो: भारतात २०५० अखेर, तिकडे २०६० अखेर. पाको दे लुसिया २०१४ मध्ये गेले. त्यांच्या बुलेरिआस तुमच्या विद्यार्थ्यांच्या हयातीत मोकळ्या झाल्या तरी पुष्कळ. उलट टोकाला खुलिआन आर्कास, १८८२ मध्ये गेलेले. त्यांची छापील सोलेआ कुठेही, कशीही वाटा.

तुमच्या तीस टॅबचं काय करायचं ते आता सांगतो. प्रत्येक टॅबमधल्या फाल्सेतांना क्रमांक द्या आणि शेजारी लिहा: कुणाचं वादन, कोणत्या वर्षाचं रेकॉर्डिंग, किती मिनिट किती सेकंदावर. मग तीच सुरावट त्याआधीच्या दुसऱ्या वादकाकडे सापडते का ते पाहा. १९०२ मध्ये माद्रिदला छापलेली राफाएल मारिन यांची गिटार शिकवणारी पुस्तिका इथे फार कामाची आहे; तिच्यात जे आहे ते नंतरच्या कुणाला स्वतःचं म्हणता येणार नाही. तुलना करताना ऐकू येणाऱ्या पट्टीवर विसंबू नका. वादक गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) सरकवतो, त्यामुळे एकच फाल्सेता एकीकडे दुसऱ्या पडद्यावरून, दुसरीकडे पाचव्यावरून येते. शिवाय ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून घेतलेल्या प्रतींचा वेग अनेकदा चुकलेला असतो. अर्धा सूर वर-खाली होणं नेहमीचंच. आधी ती ‘ई’च्या बैठकीत आहे की ‘ए’च्या, म्हणजे कोणत्या कॉर्डवर येऊन विसावते, हे ओळखा आणि त्या बैठकीतली बोटं जुळवून पाहा.

रेकॉर्डच्या वेष्टनावर ‘पोपुलार’ (लोकसंगीत) किंवा ‘डी. पी.’ (सार्वजनिक मालकीचं) असं छापलेलं असेल तर तो चांगला संकेत आहे, पण पुरावा नव्हे. ‘पारंपरिक, मांडणी अमुक’ असं असेल तर ती मांडणी अमुकाची आहे, असा दावा आहे असं समजा. आणि केवळ वादकाचं नाव असेल, तर तोच रचनाकार हेही गृहीत धरू नका. दिल्ली उच्च न्यायालयात २०२५ मध्ये ध्रुपदातल्या शिवस्तुतीवरून जो वाद झाला, त्यात एकल न्यायाधीशांचा एप्रिलमधला अंतरिम आदेश खंडपीठाने सप्टेंबरमध्ये रद्द केला. तिथला कळीचा मुद्दा हाच होता, की एखाद्याने रचना सादर केली एवढ्यावरून तो तिचा कर्ता ठरत नाही.

ही छाननी झाली की तुमच्याकडे काही टॅब पूर्ण मोकळे उरतील. काहींतली एखाद-दुसरी फाल्सेता काढून तिथे साधा कोंपास भरता येईल आणि बाकीचे घरातच ठेवावे लागतील. मोंतोयांची फाल्सेता भारतापुरती वाटायला हरकत नाही; पण संकेतस्थळ स्पेनमध्येही उघडतं, म्हणून ती उघड्यावर ठेवायची असेल तर २०३० पर्यंत थांबणं बरं. तोवर वर्गातल्या गटात द्या. मोकळ्या टॅबवरही मूळ वादकाचं नाव आणि वर्ष ठळक लिहा. आम्हाला तर नाव नसलेला टॅब वापरण्याच्या लायकीचाच वाटत नाही. आणि मूळ रेकॉर्डिंगची क्लिप सोबत जोडू नका. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो (भारतात प्रकाशनापासून ६० वर्षं), रचना मोकळी असली तरी तो शिल्लक असू शकतो.

फ्लामेंको युनेस्कोच्या वारसा यादीत आहे म्हणतात. मग त्यांची परवानगी लागेल का? — वाचक, गोकाक

नाही. २०१० मध्ये फ्लामेंकोचा समावेश अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला. त्या यादीने कुणालाही मालकी मिळत नाही आणि कुणाची जातही नाही.

आठ मात्रांपर्यंत किंवा तीस सेकंदांपर्यंत काहीही वापरता येतं, असं आमचे सर सांगतात. — विद्यार्थी, चिकोडी

असा कोणताही आकडा कायद्यात नाही. आहे तो कलम ५२(१)(अ) मधला ‘उचित वापर’: खासगी उपयोग, संशोधन, टीका किंवा समीक्षा. साबिकासांच्या एका फाल्सेतातल्या दोन ओळी देऊन, अंगठा कुठे पडतो आणि दहाव्या मात्रेवर ती कशी बंद होते, हे तुम्ही समजावत असाल तर ती समीक्षा झाली. त्याच दोन ओळी ‘रोज एक फाल्सेता’ या मालिकेत कोऱ्या टाकल्या तर नाही. आणि चार मात्रांतच फाल्सेताचा सगळा जीव असेल तर चार मात्राही जास्तच.

मी बसवलेला पारंपरिक सेगिरियाचा टॅब कोल्हापूरच्या एका क्लासने माझं नाव काढून आपल्या पुस्तकात छापला. मूळ संगीत पारंपरिक असल्याने मला काही बोलता येत नाही, असं ते म्हणतात. — वाचक, खानापूर

त्यांचं म्हणणं अर्धवट आहे. मूळ सुरावट मोकळी असली तरी तुमच्या कागदात तुमची म्हणून काही भर असेल, तर तेवढ्या भागावर तुमचा हक्क असतो. किती भर पुरते? सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात कसोटी घातली ती अशी: नुसते कष्ट पुरत नाहीत, कौशल्य आणि विवेक वापरून किमान सर्जनशीलता दिसायला हवी. इंग्लंडमध्ये २००५ साली सॉकिन्स यांच्या खटल्यात, १७२६ मध्ये वारलेल्या द लालांद या फ्रेंच संगीतकाराच्या रचनांची वादनयोग्य प्रत तयार करणाऱ्या संपादकाला त्या प्रतीवर हक्क मिळाला. रचना तीनशे वर्षांपूर्वीची, तरी स्वरांची दुरुस्ती आणि राहिलेल्या जागा भरणं हे त्यांचं काम धरलं गेलं. तो निवाडा आपल्यावर बंधनकारक नाही, पण युक्तिवादाला उपयोगी आहे.

सेगिरियाच्या बाबतीत तुमची बाजू बरी आहे. हा पालो त्याच बारा मात्रांचं चक्र आठव्या मात्रेपासून सुरू करतो. तो कागदावर कसा मांडायचा याबद्दल एकमत नाही: कुणी तीन-चार आणि सहा-आठ आळीपाळीने लिहितो, कुणी पाच असमान ठोक्यांत मोजतो. तुम्ही निवडलेली मांडणी, कोणता स्वर कोणत्या तारेवर, कुठे पिकादो (बोटांनी एकेक स्वर छेडणं) आणि कुठे अंगठा, या निवडी तुमच्या आहेत. रेकॉर्डिंगमध्ये जे ऐकू आलं ते जसंच्या तसं उतरवलं असेल तर मात्र दावा पातळ होतो.

चोरी सिद्ध करायला सर्वांत सोपी वाट म्हणजे तुमच्या चुका. तुमच्या टॅबमध्ये एखादा आकडा चुकून तिसऱ्याऐवजी चौथ्या तारेवर पडला असेल आणि त्यांच्या पुस्तकातही तो तिथेच असेल, तर त्यांनी स्वतः ऐकून लिहिलं असं म्हणणं अवघड जातं. दोन्ही पानं शेजारी ठेवून अशा जागांवर खुणा करा. नोटेशनच्या सॉफ्टवेअरमधली मूळ फाइल, तिच्या आधीच्या आवृत्त्या आणि ती प्रथम कुणाला पाठवली तो ईमेल जपून ठेवा. नोंदणी सक्तीची नाही. करायची असेल तर नमुना १४ आहे, सांगीतिक कृतीला प्रत्येकी पाचशे रुपये शुल्क आहे आणि डायरी क्रमांक मिळाल्यावर हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं. मात्र अर्जात ‘पारंपरिक रचनेची मांडणी’ असंच लिहा. सगळी रचना स्वतःची म्हणून नोंदवाल तर तोच कागद पुढे तुमच्यावर उलटेल.

आणखी एक सोयीची गोष्ट. पुस्तक कोल्हापूरला छापलं म्हणून तिकडे खेटे घालायची गरज नाही. कलम ६२ प्रमाणे दावा लावणारा जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात जाता येतं, म्हणजे तुम्हाला बेळगाव. आधी साधं पत्र पाठवा: पुढच्या आवृत्तीत नाव घाला, उरलेल्या प्रतींत चिठ्ठी चिकटवा. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात.

फ्लामेंको टॅबचं एक पुस्तक विकत घेतलं. वर्गात आठ मुलं आहेत. झेरॉक्स काढून देऊ का? — खासगी क्लास, निपाणी

पूर्ण पुस्तकाची नको. शिक्षक किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात काढलेल्या प्रती कलम ५२(१)(आय) खाली चालतात आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ च्या रामेश्वरी फोटोकॉपी प्रकरणात त्याचा अर्थ बराच सैल लावला. पण तो खटला विद्यापीठाचा होता. फी घेणाऱ्या खासगी क्लासने त्याच्या जोरावर आख्खं पुस्तक छापू नये. या आठवड्यात शिकवायच्या आलेग्रिआसची दोन-तीन पानं आठ मुलांना दिलीत, हे आम्हाला अध्यापनात बसणारं वाटतं. दर आठवड्याला दोन पानं देत वर्षअखेर पुस्तक पूर्ण केलंत, तर ते बसत नाही. त्याच पानांचे फोटो मोकळ्या टेलिग्राम गटात गेले की अध्यापनाचा मुद्दा संपला.

अथणीच्या बाजारात चार हजार गिटार टॅबच्या पीडीएफ भरलेला पेन ड्राइव्ह मिळतो. असाच भरून विकण्याचा जोडधंदा करावा म्हणतो. — वाचक, अथणी

करू नका. कर्नाटकाच्या १९८५ च्या, गुंडा कायदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्यात २०१४ मध्ये ‘डिजिटल गुन्हेगार’ हा वर्ग घातला गेला. व्यापारी हेतूने, जाणूनबुजून कॉपीराइट मोडणारा त्यात येतो आणि अशा माणसाला वर्षभरापर्यंत स्थानबद्ध ठेवता येतं. पलीकडे महाराष्ट्रातल्या तशाच कायद्यात ‘व्हिडिओ पायरेट’ आहेत. नाक्याच्या कुठल्याही बाजूला दुकान टाकलंत तरी सुटका नाही. आणि त्या चार हजारांतले निम्मे टॅब चुकीचे असतात ते वेगळंच. बुलेरिआस चार-चार मात्रांत लिहिलेली सापडली तर नवल वाटायला नको.

‘मालागेन्या’ हे पारंपरिक स्पॅनिश गाणं स्वतः वाजवून यूट्यूबवर टाकलं. लगेच कॉपीराइटचा दावा आला. पारंपरिक गाण्यावर दावा कसा? — वाचक, कॅम्प, बेळगाव

या नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालागेन्या हा मालागा भागातला, फांदांगोच्या कुळातला पालो. गाताना त्यात ठेका मोकळा असतो. तो कुणाचाही नाही. पण गिटारच्या क्लासांतून ‘मालागेन्या’ म्हणून जे झपाट्याचं वाद्यसंगीत शिकवलं जातं, ते बहुधा क्यूबाचे एर्नेस्तो लेकुओना यांच्या पियानोवरच्या रचनेवरून घेतलेलं असतं. लेकुओना १९६३ मध्ये गेले. भारतात ती रचना १ जानेवारी २०२४ पासून मोकळी आहे, पण मृत्यूनंतर ७० किंवा ८० वर्षं मोजणाऱ्या देशांत नाही. तुम्ही यांतलं कोणतं वाजवलंत ते आधी ठरवा.

मग दाव्याचा तपशील उघडा. तो ध्वनिमुद्रणावर आहे की रचनेवर, हे तिथे लिहिलेलं असतं. ध्वनिमुद्रणावर असेल आणि वादन तुमचंच असेल, तर यंत्राने चुकीची जोडी लावली आहे. तसं लिहून हरकत नोंदवा. दावा करणाऱ्याला उत्तरासाठी तीस दिवस असतात, तो गप्प बसला तर दावा आपोआप सुटतो. दावा रचनेवर असेल आणि तुम्ही पालो वाजवला असेल, तर पालोचं नाव, कोणत्या मिनिटाला काय वाजवलं आणि ते कोणत्या जुन्या छापील स्रोतात आहे, एवढं चार ओळींत लिहा. ‘हे सगळ्यांना माहीत असलेलं गाणं आहे’ असं लिहिलेल्या हरकती फेटाळल्या जातात. लेकुओनांची रचना असेल, तर आमच्या मते हरकत घेऊ नका: साध्या दाव्यात व्हिडिओ जागेवर राहतो, जाहिरातीचे पैसे तेवढे दुसरीकडे जातात. तो दावा वाढून काढून टाकण्याच्या मागणीपर्यंत गेला तर चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाची नोंद, बसतो. स्ट्राइक नव्वद दिवस राहतो आणि तीन झाले की चॅनेल बंद होऊ शकतं.

असाच फसवा नमुना म्हणजे ‘आस्तुरिआस’. पुष्कळांना ते फ्लामेंको वाटतं. ती १९०९ मध्ये वारलेल्या इसाक आल्बेनिथ यांची पियानोरचना आहे आणि ती मोकळी आहे. पण गिटारवर उतरवताना तुम्ही आंद्रेस सेगोव्हिया यांची छापील मांडणी समोर ठेवलीत, तर ती नाही. सेगोव्हिया १९८७ मध्ये गेले. पियानोच्या मूळ छापील प्रतीवरून स्वतः उतरवा.

गणेशोत्सवात आमच्या मंडळासमोर मुलं फ्लामेंको वाजवणार आहेत. परवाना घ्यावा लागेल का? — मंडळाचा कार्यकर्ता, शहापूर

हौशी मंडळ, तिकीट नाही आणि मुलं प्रत्यक्ष वाजवणार, तर कलम ५२(१)(एल) खाली परवाना लागत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रेक्षक विद्यार्थी, पालक आणि शिक्षकच असतील तर वेगळं पोटकलम आहे, तेही मोकळीक देतं. ही सवलत मांडवातल्या वादनापुरती आहे. तोच कार्यक्रम फेसबुकवर थेट दाखवलात किंवा मधल्या वेळात स्पीकरवर रेकॉर्डिंग लावलीत, तर ती लागू होत नाही.

लोर्का यांनी जमवलेली स्पॅनिश लोकगीतं गिटारवर बसवून शब्दांसह छापायची आहेत. — वाचक, दांडेली

छापा. फेदेरिको गार्सिया लोर्का १९३६ मध्ये मारले गेले. भारतात त्यांचा हक्क जुन्या पन्नास वर्षांच्या नियमानेच संपला, स्पेनमध्ये २०१६ अखेर. शब्दांचं मराठी भाषांतर दुसऱ्या कुणाचं घेणार असाल तर त्याची परवानगी वेगळी घ्या.

किर्लोस्करांची आणि खाडिलकरांची नाट्यपदं फ्लामेंको ढंगात गिटारवर लिहून पुस्तक काढायचं आहे. — संगीत शिक्षक, संकेश्वर

अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, १८८५ मध्ये गेले. तिथे काही प्रश्नच नाही. ‘मानापमान’साठी मात्र दोन तारखा बघाव्या लागतात, कारण शब्द आणि चाल या कायद्याने दोन वेगळ्या कृती आहेत. शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, ते १९४८ मध्ये गेले, म्हणून २००९ पासून मोकळे. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते १९५५ मध्ये गेले, त्या २०१६ पासून मोकळ्या. आता दोन्ही बाजू मोकळ्या आहेत. सावधगिरी एकाच ठिकाणी हवी: नंतरच्या गायकांनी आणि संगीतकारांनी वाढवलेल्या जागा, नवे वाद्यमेळाचे तुकडे मूळ चालीचे समजून उतरवू नका. जुन्या नोटेशनवरून काम करा.

सूर जुळवताना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट. ‘ई’च्या बैठकीतल्या फ्लामेंकोचे स्वर मुळात भैरवी थाटाचे, पण शेवटच्या ई मेजर कॉर्डमुळे शुद्ध गंधार डोकावतो. दोन्ही गंधार घेऊन भैरवीची पदं सुरेख बसतात. फक्त शुद्ध गंधार ठेवलात तर तुम्ही बसंत मुखारीत, कर्नाटकी भाषेत वकुळाभरणात, जाता आणि पद परकं वाटू लागतं. तुमची ही मांडणी नवीन आहे. तिच्यावर हक्क तुमचाच, तो शीर्षकपानावर तसा छापा.

मोबाइलमधलं अॅप रेकॉर्डिंग ऐकून आपोआप टॅब काढतं. तो टॅब मी लिहिलेलाच नाही, मग जबाबदारी कुणाची? — विद्यार्थी, खानापूर

वाटणाऱ्याची, म्हणजे तुमची. मूळ रचना संरक्षित असेल तर ती हाताने उतरवा नाहीतर यंत्राने, प्रत तीच. घरी सरावापुरता वापरलात तर हरकत नाही. आणि तुमची भर काही नसल्याने खानापूरच्या वरच्या वाचकांसारखा हक्कही तुम्हाला सांगता येणार नाही. अशा टॅबचा दुसरा तोटा असा, की यंत्र पहिला ठोका ऐकू येईल तिथे ‘एक’ धरतं. बुलेरिआस बहुतेकदा बारावरून उठतात, त्यामुळे पुढचे सगळे जोर एका मात्रेने सरकतात. रास्गेआदोतले पाच फटके यंत्राला एकच जाड कॉर्ड वाटतात. आधी टाळ्या वाजवून १२, ३, ६, ८, १० जुळतात का ते पाहा.

परवानगी मागायची तर कुणाकडे आणि कशी? — वाचक, हल्याळ

वादकाकडे नव्हे, संगीत प्रकाशकाकडे. त्याचं नाव सीडीच्या पुस्तिकेत रचनेच्या नावाखाली बारीक अक्षरात असतं. तिथे नसेल तर स्पेनमधली लेखक-प्रकाशकांची संस्था एस. जी. ए. ई. मालक कोण ते शोधायला मदत करू शकते. आपल्याकडची आय. पी. आर. एस. सादरीकरणाचे परवाने देते. नोटेशन छापायची परवानगी प्रकाशकाचीच घ्या.

पत्र एका पानाचं, इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्ये. रचनेचं नाव, रेकॉर्डिंग आणि वर्ष, पूर्ण रचना की किती मात्रा, छापील प्रती किती, पीडीएफ खुली की पासवर्डची, किंमत किती, आणि तुम्ही उतरवलेलं नमुन्याचं एक पान, एवढं पुरे. ‘शैक्षणिक कामासाठी’ असं मोघम लिहिलेल्या पत्राला उत्तर येण्याची शक्यता कमी. ईमेलला सहा आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. मौन म्हणजे संमती नव्हे. होकार आला तर तो लेखी हवा, कलम ३० तसंच सांगतं. त्यात मुदत आणि प्रदेश लिहून घ्यायला विसरू नका: मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.